मारामारी : गुरुवार व रविवार, सकाळी अकरा

लांब्यानं तात्याच्या डाव्या कानाची पाळी दातांनी तोडली, तेव्हा ती देशाच्या अर्थव्यवस्थेला हातभार लावणार आहे याची कल्पना दोघांनाही नव्हती. एकाच्या तोंडात रक्त होतं, दुसऱ्याच्या मानेवर. भांडण पाण्याच्या पाळीवरून सुरू झालं आणि कानाच्या पाळीवर संपलं, असं गावातले रिकामटेकडे पुढं बरेच दिवस म्हणत होते. त्यांनाही काहीतरी काम हवंच.

तात्या आणि लांब्या चुलतभाऊ. दोघांच्या रानांना एकच पाट. पाट जिथं फुटतो तिथं मातीची दोन दारं : एक वरच्या अंगाला लांब्याच्या कांद्यात, दुसरं खालच्या अंगाला तात्याच्या मक्यात. आधी कुणाचं दार उघडायचं, यावर नऊ वर्षं वैर होतं. एकानं फोडायचं, दुसऱ्यानं बुजवायचं, आणि तेवढ्यात पाणी रस्त्यावर जाऊन कुणाच्याच बापाचं राहायचं नाही. दोन वर्षांपूर्वी प्रकरण हातघाईवर आलं. लांब्यानं कान तोडला, तात्यानं फावड्याच्या दांड्यानं लांब्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याच वेळी वाट चुकलेलं एक परदेशी जोडपं सायकली बांधाला टेकवून उभं होतं. बाई आधी किंचाळली. मग तिनं फोटो काढले.

फोटो जगभर फिरले. दोन महिन्यांनी एक छोटी गाडी आली, मग मोठी बस आली आणि बसच्या मागोमाग पर्यटन खातं आलं. पूर्वी भांडण झालं की पोलीस यायचा आणि दोघांना घेऊन जायचा. आता पोलीस भांडणाच्या आधी यायचा, दोरीपाशी उभा राहायचा आणि पाहुण्यांच्या गाड्या रांगेत लावायचा. पाट फुटतो त्या जागी वीस हात लांब, वीस हात रुंद मैदान आखलं होतं, सगळीकडून वीतभर बांध घालून. एका बाजूला बाकं, वर मांडव. फलकावर लिहिलं होतं : शंभर वर्षांचं जलवैर.

"साहेब, सातच वर्षं झालीत," तात्या पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"सात वर्षांच्या वैरासाठी कोण विमानात बसतं, तात्या?" पर्यटन खात्याचे साहेब म्हणाले होते. साहेब गोरेगोमटे, घामट आणि मनानं चांगले होते. दोघांना घालायला त्यांनी नवे सदरे शिवून आणले आणि ते स्वतः बसून फाडले.

हे सगळं ठीक चाललं असतं. पण यंदा पाऊस पाठ फिरवून गेला. पाटाला पाणी आठवड्यातून एकदाच, गुरुवारी, पहाटे चार ते सकाळी दहा. आणि तात्याचा मका नेमका दाणा भरायच्या बेतात होता. एक पाणी मिळालं तर पीक हातात, नाही मिळालं तर कणसात दातपडक्या म्हाताऱ्याचं हसू. एकच पाणी. तात्या दिवसातून चार वेळा रानात जायचा आणि मक्याचं पान बोटांत धरून बघायचा. पान उन्हानं पुंगळीसारखं वळलेलं असायचं. दुपारी वळलं तर चालतं, सकाळीही वळलेलंच दिसलं तर समजायचं की आता आठ दिवस उरलेत.

त्या गुरुवारी सकाळी ते वळलेलं दिसलं. पहाटेपासून नेहमीप्रमाणे फोडाफोड आणि बुजवाबुजवी झाली होती, पाणी रस्त्यावर गेलं होतं आणि अकरा वाजता तात्या फाटका सदरा घालून मैदानात उभा होता.

खेळ ठरलेला होता. आधी शिव्या, मग ढकलाढकली, मग फावड्याचे दांडे. फावड्यांची पाती साहेबांनी काढून ठेवली होती. दांडा उगारायचा डोक्यावर आणि मारायचा दंडावर, मांसल जागी. आवाज मोठा निघतो, हाड वाचतं. तरी अंगावर कायम वळ असायचे. एक जुना पिवळा पडला की शेजारी नवा निळा उठायचा. कुणाला खरंच लागलं तर थांबायची खूण दोघांनी आपसांत ठरवली होती. दारं धरताना वाफा पाण्यानं भरला की रानातला माणूस दारावरच्या माणसाला ओरडून सांगतो, "भरलं!" म्हणजे आता पुरे, पाणी पुढं वळव. तीच खूण. लांब्याच्या कोपराला दांडा बसला की लांब्या कळवळून म्हणायचा, "भरलं रे", आणि तात्या हात आखडायचा.

गाईडनं पाहुण्यांना सांगून टाकलं की ही या लोकांची प्राचीन युद्धगर्जना आहे. गाईड इतिहासाचा पदवीधर होता, त्याला प्राचीन म्हणायची सवय होती. तेव्हापासून लांब्या एकदा "भरलं" म्हणाला की बाकांवरून पन्नास माणसं मुठी उगारून ओरडायची, "बारलां! बारलां!"

"कळवळायचीही चोरी झालीय," लांब्या त्या दिवशी खेळानंतर कोपर चोळत म्हणाला. तो हे तात्याला म्हणाला नव्हता, वाऱ्याला म्हणाला होता. नऊ वर्षांत दोघं मैदानाबाहेर एकमेकांशी बोललेच नव्हते. मैदानात मात्र आठवड्यातून दोनदा एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार करत होते.

तात्या घरी गेला. बायकोनं त्याच्या पाठीला तेल लावलं आणि ती म्हणाली, "मार खाऊन आलात, पाणी घेऊन नाही आलात."

"उद्या जातो."

"कुठं?"

"त्याच्याकडं."

तिचा हात थांबला. "दांडा घेऊन?"

"पान घेऊन," तात्या म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी तो मक्याचं वळलेलं पान हातात धरून लांब्याच्या अंगणात शिरला. काकू, म्हणजे लांब्याची आई, कांद्याच्या पाती निवडत बसली होती. तिनं वर बघितलं, आधी त्याचा तुटका कान बघितला, मग पान बघितलं.

"ये," ती म्हणाली. "नऊ वर्षांत रस्ता सापडला म्हणायचा."

लांब्या आतून आला. सहा फूट माणूस दारात वाकून उभा राहिला. तात्यानं पान पुढं केलं. लांब्यानं ते बोटांत चोळलं, वास घेतला.

"आठ दिवस," लांब्या म्हणाला.

"तुझ्या कांद्याचं?"

"त्याचंही तेच. तू बुजवतोस, मी फोडतो. पाणी पितो रस्ता. रस्त्याला कणसं लागणारेत का?"

"चार ते सात तू घे," तात्या म्हणाला. "सात ते दहा मी."

लांब्या पान बोटांत फिरवत राहिला. नऊ वर्षं ज्या वाक्यासाठी हाडं मोडली ते वाक्य तर इतकं छोटं होतं.

"मला पहिली पाळी?" त्यानं विचारलं.

"तुझं रान वर आहे. पाणी आधी तुलाच दिसतं."

"हे तुझ्या बापाला सुचलं असतं तर तुझा कान शाबूत असता."

"आणि तुझ्या बापाला सुचलं असतं तर तुला मान वळवता आली असती."

काकू हसली, तिला ठसका लागला. चहा झाला. जाताना लांब्या म्हणाला, "रविवारी हळू मार. डावा दंड ठणकतोय."

रविवारी त्यांनी हळू मारलं. इतकं हळू की लांब्यानं शिवी द्यायला तोंड उघडलं आणि त्याला हसू आलं. मग तात्यालाही आलं. दोघं दांडे टेकून, खांदे हलवत, खाली बघत हसले. बाकांवरचे कॅमेरे खाली आले. बारा हजार मैलांवरून आलेल्या एका म्हाताऱ्यानं गाईडला विचारलं, हे नट आहेत का?

सोमवारी साहेब तात्याच्या ओट्यावर हजर. लांब्यालाही बोलावून घेतलं. साहेबांनी घाम पुसला.

"तडजोड केलीत म्हणे."

"हो साहेब," तात्या म्हणाला.

"मला न विचारता?"

लांब्या म्हणाला, "भांडायला लागलो तेव्हाही विचारलं नव्हतं, साहेब."

साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. ते समजावण्याच्या सुरात बोलू लागले. "हे बघा. हा देश परकीय चलनावर चालतो. आपल्याकडं तेल नाही, सोनं नाही, यंदा पाऊसही नाही. काय आहे? पाहुणा आहे. पाहुणा येतो तो विमानात बसून येतो, खोलीत झोपतो, जेवतो. त्याच्यावर बसवाला जगतो, खोलीवाला जगतो, चादरी धुणारी जगते, गाईड जगतो, मी जगतो. हे सगळं कशावर उभं आहे? तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाही, यावर. आणि तुम्ही खुशाल चहा पिताय."

"मग मक्याचं काय करायचं?" तात्यानं विचारलं.

"मका आपण बाहेरूनही आणू शकतो, तात्या. भांडण नाही आणता येत."

तात्याची बायको दारामागून म्हणाली, "साहेब, तुमच्या घरी भांडत नाहीत का कोणी? तिकडंच नेऊन दाखवा पाहुण्यांना."

साहेब हसले. त्यांना बायकांचं बोलणं आवडायचं, ऐकू यायचं नाही. "तडजोड ठेवा," ते उठत म्हणाले. "ती तुमची खासगी बाब आहे. पण या गुरुवारी सात देशांच्या प्रवासी कंपन्यांची माणसं येताहेत. त्यांना पटलं तर दर दिवशी बस. नाही पटलं तर सगळं बंद. तेव्हा मारा. जीव ओतून मारा. आणि ते मागचे फोटो बघितले मी, नुसती धूळ दिसते. पहिल्या फोटोत चिखल होता. बघतो मी त्याचं."

गुरुवारी पहाटे चारला लांब्यानं दार फोडलं. तात्या बांधावर बसून पाण्याचा आवाज ऐकत होता. सात वाजता लांब्यानं स्वतःच्या हातानं आपलं दार बुजवलं, वर पाय देऊन दाबलं, आणि तात्याचं दार तात्याला फोडू दिलं.

"घे. तुझं," तो म्हणाला आणि घरी गेला.

पाणी खाली निघालं. तात्या त्याच्या पुढं पुढं धावत रानात आला. बायको पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी पदर खोचून उभी होती. पाणी आलं. भेगांनी पाणी पिताना आवाज होतो, तो दोघं ऐकत राहिले. पहिला वाफा भरला. दुसरा भरला. तिसऱ्यात पाणी निम्म्यावर पोचलं आणि रेंगाळलं. मग दोन बोटं उरलं. मग पाटाच्या तळाचा गाळ दिसायला लागला.

तात्यानं सूर्याकडं बघितलं. आठही वाजले नव्हते. एकवीस वाफे कोरडे होते.

"वर कचरा अडकला असेल," बायको म्हणाली.

तात्या फावडं घेऊन वर निघाला. कचरा कुठं नव्हता. मैदानाभोवती हिरवी कनात लावलेली होती, सातला ती नव्हती. पाच हात उंच, सगळीकडून बंद. कनातीच्या तोंडाशी गाईड उभा होता, हातात तात्याचा फाटका सदरा.

"आत नाही जायचं, तात्या. आज पडदा अकराला उघडणार. साहेबांची ऑर्डर आहे."

"पाणी तुटलंय. दार बघायचंय."

गाईडनं एकदा कनातीकडं बघितलं आणि एकदा तात्याच्या हातातल्या फावड्याकडं. "मला काय विचारता? त्या रानाकडं बघा की."

त्यानं हनुवटीनं लांब्याचं रान दाखवलं. कांद्याचे वाफे उन्हात चकाकत होते, काळे, चिंब, तुडुंब. लांब्याचं रान लांब्याच्या पाळीत भिजलं होतं. ते भिजलेलंच दिसणार, हे तिऱ्हाईताला लगेच समजलं असतं. पण तात्या तिऱ्हाईत नव्हता. ज्यानं नऊ वर्षं वरच्या रानातलं पाणी बघून दात खाल्ले होते, त्याच्या डोळ्यांना तेवढं एकच बघायची सवय होती. त्यानं फावडं खाली टाकलं आणि सदरा घेतला.

"तुमच्याकडून घेतलं वचन आणि वरून उपसलं पाणी," गाईड म्हणाला. पगारी माणूस होता. त्याला सांगितलेलं काम तो करत होता.

अकराला बस आल्या. सात देशांची माणसं बाकांवर बसली. कनात उघडली आणि दोन बाजूंनी दोघं आत आले. तात्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला, गार लागला, आणि ते त्याच्या डोक्यापर्यंत पोचलं नाही. त्याला फक्त लांब्या दिसत होता.

शिव्या झाल्या नाहीत. ढकलाढकलही झाली नाही. तात्यानं सरळ दांडा उगारला आणि तो दंडावर न मारता खांद्याच्या सांध्यावर मारला. लांब्याला वाटलं नेम चुकला. त्यानं भुवया उडवल्या, जरा नाटकीपणानं झोकांडी खाल्ली, बाकांवरून टाळी आली. दुसरा दांडा त्याच्या बोटांवर बसला. हातातला दांडा गळून पडला. लांब्यानं आपल्या बोटांकडं बघितलं. दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "भरलं."

"बारलां!" सात देश ओरडले. "बारलां! बारलां!"

"भरलं म्हणतोय मी. तात्या. हे पाणी बघ, हे इथं..."

तिसरा दांडा तोंडावर बसला. लांब्याचं वाक्य आणि जबडा एकदमच मोडले. तो गुडघ्यावर आला. तात्यानं त्याच्या पाठीत मारलं, बरगड्यांत मारलं. कोपरं वर आणून, लाकूड फोडतात तसं, प्रत्येक दणक्याला तोंडानं श्वास सोडत मारलं. मारताना त्याच्या अंगावर, तोंडावर, मांडवाच्या खांबांवर चिखल उडत होता. पोलीस दोरीपाशी उभा होता. त्याला पाहुण्यांच्या बाजूला तोंड करून उभं राहायला सांगितलं होतं. साहेब मागच्या रांगेत उभे राहून हात चोळत होते. लांब्या पालथा पडला. तात्यानं पुढचा दणका द्यायला पाय रोवायला बघितला, आणि पाय रोवला जाईना. तो घसरला. तोल सावरायला खाली हात टेकला. हात मनगटापर्यंत आत गेला.

हाताला पाणी लागलं.

तात्या तसाच एका हातावर ओणवा राहिला. या मैदानात दोन महिने धूळ होती. वीस हात लांब, वीस हात रुंद, वीतभर बांध. तो शेतकरी होता. किती पाणी लागलं असेल हे त्यानं मनातल्या मनात मोजलं नाही, त्याला ते दिसलं : एकवीस वाफे. पाटाच्या कडेला बांधात नवं दार फोडलेलं होतं, कुणीतरी शहरी माणसानं फोडलेलं, वेडंवाकडं, वर सिमेंटची गोणी टाकून बुजवलेलं.

त्यानं लांब्याकडं बघितलं. लांब्याचा एक डोळा चिखलाबाहेर होता आणि तो त्याच्याकडंच बघत होता. त्यात राग नव्हता. बोलता येत नसलेल्या माणसाच्या डोळ्यात असतो तसा नुसता उशीर होता.

टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. कुणी शिट्टी वाजवली. साहेब पुढं आले, त्यांनी चपलांना चिखल लागू न देता बांधावर उभं राहून म्हटलं, "अप्रतिम. तात्या, अप्रतिम. आता त्यांना उठायला सांगा, एक फोटो घेऊ."

तात्या उठला नाही. तो गुडघ्यांवर रांगत खालच्या बांधाकडं गेला, मक्याच्या बाजूला, आणि हातांनी बांध उकरायला लागला. नखांत माती गेली, एक नख उलटलं. तो कुत्र्यासारखा उकरत होता. पाहुण्यांना हा विधीचा शेवटचा भाग वाटला. ते शांत झाले आणि कॅमेरे जवळ आणले.

कनात बाजूला सारून तात्याची बायको आत आली. बराच वेळ पाणी आलं नाही, नवरा आला नाही, म्हणून ती चालत आली होती. तिचे पाय पांढरे, कोरडे होते. तिनं मैदान बघितलं. मग ती चिखलात उतरली, लांब्यापाशी बसली, त्याचं डोकं कुशीवर वळवलं आणि त्याच्या तोंडात बोटं घालून चिखल आणि दात बाहेर काढले. लांब्या खोकला. श्वास घरघरत आत गेला.

"भाऊजी, आडवे राहा," ती म्हणाली. मग तिनं वर बघून विचारलं, "हे पाणी कुणी वळवलं?"

"बाई," साहेब म्हणाले, "जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

ती उठली. लांब्याच्या हातातून पडलेला दांडा चिखलात अर्धा रुतला होता. तिनं तो ओढून काढला, त्याच्यावरचा चिखल पदरानं पुसला म्हणजे हातातून निसटणार नाही, आणि बांधाकडं चालायला लागली. साहेबांनी हसून गाईडकडं बघितलं. गाईड दोन पावलं मागं सरला.

तात्यानं मान वळवली नाही. त्याची पाठ तिकडं होती. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा मार खाऊन आणि देऊन त्याला न बघता कळत होतं की दांडा मांसावर बसला की हाडावर. हा गुडघ्याच्या वाटीवर बसला होता. त्याच्यामागून साहेबांचा आवाज आला, तो माणसाचा वाटला नाही. मग दुसरा दणका. मग सात देशांच्या टाळ्या, आधीच्यापेक्षा जोरात.

बांधाला बोटभर फट पडली. पाणी त्यातून निघालं, गढूळ, लालसर, हातभर खाली गेलं, आणि पहिल्याच भेगेत शिरून दिसेनासं झालं. तात्या फट रुंद करत राहिला.